डेस ट्रेगरचं एकच वाक्य

डेस ट्रेगर आठ वर्षांचा असताना सिनेमावाले आमच्या गव्हाच्या गावात उतरले आणि माळावर हरवलेल्या पोराचं काम त्याला देऊन गेले. शेवटी तो कुरळ्या केसांचा पोरगा झुडपामागून येतो आणि म्हणतो, "मी इथेच आहे, आई." देशभर लोक रडले. आमच्या गावाने मात्र ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसवलं.

पुढे आवाज फुटला. अ‍ॅडलेडला दोन नाटकं झाली, सिडनीत एक साबणाची जाहिरात. जाईल तिथे म्हणायचे, आधी ते वाक्य म्हणून दाखव. कंटाळून तो परत आला आणि धान्याच्या कोठारावर ट्रक चालवू लागला. पबमध्ये शिरला की कोणीतरी ओरडणारच, "डेस, कुठायस रे?" तोही बिचारा हसून उत्तर द्यायचा. मला त्या हसण्याचा संताप यायचा.

दर हिवाळ्यात आम्ही गावच्या हॉलमध्ये नाटक करतो. विसरलेले शब्द पडद्याआडून पुरवायचं काम माझं. तिकिटं खपावीत म्हणून डेसच्या भूमिकेत ते वाक्य कुठेतरी घुसडायचंच, हा आमचा शिरस्ता. यंदा तो अडून बसला.

"नोरीन, म्हाताऱ्या खुनशी बापाचं काम मला द्या. ते वाक्य नको. आणि हॉलमधून कोणी ओरडलं, तर हे माझं शेवटचं नाटक."

"केसांचं काय करणार?"

"भादरतो."

खरंच भादरले. वर पांढरी दाढी चिकटवली.

दुसऱ्या अंकात बाप मुलीच्या दारात येऊन उभा राहतो. ती आतून विचारते, "कोण आहे?" आणि तो बराच वेळ बोलतच नाही. ओरडायला याहून सोयीची जागा ती कुठली? कोठारावरची सगळी टोळी मागच्या बाकांवर बसली होती. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग डेस खर्जात म्हणाला, "दार उघड," आणि पुढच्या रांगेतली एक बाई चक्क मागे सरकली. मला इतकं हायसं वाटलं की पुढचं पान उलटायचंच राहिलं.

नाटक संपलं की रंग न पुसता नटांनीच प्रेक्षकांना चहा द्यायचा, ही आमची जुनी रीत. बायकांनी घरून आणलेल्या केक-सँडविचच्या टेबलाशी डेस किटली घेऊन उभा राहिला. मर्ल ओब्स्ट आली. ती डेसची शाळेतली बाई. हल्ली लेकीकडे किनाऱ्यावर राहते, खास नाटकासाठी आली होती.

"फसवलं मेल्यांनी," ती कप पुढे करत म्हणाली. "डेस आहे म्हणून तिकीट काढलं. माझा विद्यार्थी तो. शेवटपर्यंत दिसलाच नाही."

मी सांगायला तोंड उघडणार, तोच डेसने मान हलवून मला थांबवलं. त्याचे डोळे भरले होते.

"साखर किती घालू?"

"एकच चमचा. तुझं काम मात्र बरं झालं हो, बाबा. माझा तर थरकाप उडाला. आधी कधी केलं होतंस का नाटक?"

"नाही," डेस म्हणाला. "आज पहिल्यांदाच."