मिस झेल्फाची ताठ मान

आमच्या खोऱ्यात मिस झेल्फा साइझमोअरची मान प्रसिद्ध होती. पाद्री असो की खाणीचा मालक, ती कुणापुढे तुकली नाही. चाळीस वर्षं तिनं पहिलीला शिकवलं. निम्म्या केंटकी राज्याला अक्षरओळख मीच करून दिली, असं ती म्हणायची. आमच्या खोऱ्यापुरतं ते खरंच होतं.

डोंगरापलीकडच्या विद्यापीठाचं मात्र तिला कधी कौतुक नव्हतं. तिथं मास्टर्सपर्यंतच शिकवत, पुढची डॉक्टरेट नव्हती. शहरी लोक त्याला अर्धवट विद्यापीठ म्हणून हिणवत. हिणवोत बापडे! आमच्या शाळांतले झाडून सगळे मास्तर तिथंच घडले होते. ज्यांना तिकडं जाणं जमत नसे, त्यांच्यासाठी तिथले प्राध्यापक दर मंगळवारी संध्याकाळी घाट उतरून आमच्या हायस्कुलात वर्ग घ्यायला येत. शिकणारेही दिवसभर पोरं सांभाळून दमून यायचे, म्हणून कुणी बीन्सचं पातेलं आणायचं, कुणी मक्याचा पाव.

एका वर्षी या वर्गाला एक विद्यार्थी कमी पडला. वर्ग बंद पडला असता तर मिस झेल्फाच्या भाचीची, ट्रेसाची नोकरी गेली असती. मास्टर्स केल्याशिवाय नव्या मास्तरांची मास्तरकी टिकत नाही, असा इथला कायदाच होता.

"आत्या, आता गं काय करायचं?"

"काय म्हणजे? पासष्टीच्या वरच्यांना फी माफ आहे ना? माझं नाव लिही."

"तुझं? मास्टर्स म्हणजे बैलाची झूल, असं तूच म्हणायचीस!"

"झूल तर झूल. मी काय, नुसती खुर्ची अडवायला येतेय."

खुर्ची अडवायला गेलेली बाई पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर बसली आणि तिनं प्राध्यापक व्हिटेकरला फळ्यावरचं अक्षर सुधारायला लावलं. मग तिला गोडी लागली. ट्रेसा पास होऊन गेली तरी आत्याबाई मंगळवार चुकवेनात. तेव्हा किराणावाला डेल्मर दुकानात बसून बोलला, "म्हातारीला खुर्चीचं भाडं म्हणून पदवी देणार बघा."

ते तिच्या कानावर गेलं आणि चांगलंच झोंबलं. पदवी मिळवीन तर कमावून, नाहीतर नकोच, असं तिनं ट्रेसाला ठणकावून सांगितलं.

ज्यांच्या घरात पुस्तकं नसतात ती पोरं उशिरा वाचायला लागतात, असा तिचा प्रबंध होता. तोंडी परीक्षेत व्हिटेकरनं विचारलं, "हे कशावरून, मिस झेल्फा?"

"कशावरून म्हणजे? चाळीस वर्षं बघतेय मी."

"ते बघणं झालं. पुरावा?"

तिनं प्रबंधाची पानं पुढंमागं उलटली. बाकीचे दोन परीक्षक घाईनं म्हणाले, "असू दे, असू दे. बाईंचा अनुभवच केवढा!"

"असू दे कसं?" ती उसळली. "आर्लिस व्हिटेकर, मला उत्तर आलं नाही. उत्तर न आलेल्या पोराला मी कधी वर ढकललं नाही. तू ढकलणार आहेस?"

त्या भल्या माणसानं तिला नापास केलं.

अख्खं खोरं खवळलं. पुढच्या मंगळवारी व्हिटेकरच्या गाडीच्या चाकांतली हवा गेली. रविवारी प्रार्थना संपल्यावर मिस झेल्फा चर्चमध्ये उभी राहिली.

"त्यानं मला नापास केलं ते योग्य केलं. पदव्या खिरापतीसारख्या वाटणारा मास्तर तुमच्या पोरांना चालेल का? आणि हवा कुणी सोडली तेही मला ठाऊक आहे. डेल्मर, मान वर कर, तुझ्याशीच बोलतेय."

मग हिवाळाभर ती जुन्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी गेली. कोण कधी वाचायला लागला, घरी काय होतं, सगळं विचारून आली. दुसऱ्या परीक्षेत उभी राहिली आणि म्हणाली, "मी चुकले होते. घरात पुस्तक नसलं तरी चालतं. रोज गोष्ट सांगणारं कुणी असलं, तर पोर वेळेवर वाचतं. घरात पुस्तक नाही म्हणून किती पोरांना मी उगाच मागच्या बाकावर बसवलं."

या वेळी ती पास झाली, आणि तिला पास करताना कुणाला दया दाखवावी लागली नाही.

पदवीदानाच्या दिवशी तिचा हात झग्याच्या बाहीत अडकला. "कुठल्या शहाण्यानं शिवलीय ही? टोकच बंद!"

"मास्टर्सची बाही अशीच असते, आत्या. हात मधल्या फटीतून काढायचा."

हुड म्हणजे गळ्यात घालून पाठीवर सोडायचं, आतून विद्यापीठाच्या रंगाचं कापड. घरातलं कुणी पदवीधर असेल तर तो घालायचा मान त्याला मिळतो. व्यासपीठावर ट्रेसा हुड घेऊन उभी राहिली. आत्या ताडमाड आणि भाची ठेंगणी. टाचा उंचावूनही हात पोचेना. सभागृहात खसखस पिकली.

ट्रेसाचा बाप खाणीत कामाला. त्याच्या घरात पुस्तक कसलं असणार! पहिलीचं वर्षभर ती आत्याच्याच वर्गात मागच्या बाकावर होती.

मिस झेल्फानं मान तुकवली. चांगली खाली, भाचीच्या छातीपर्यंत.

"ट्रेसा, तुला मी मागं बसवलं होतं."

"माहितीय की. पण तुझ्या गोष्टी तिथपर्यंत ऐकू यायच्या."

ट्रेसानं हुड तिच्या गळ्यात घातला. मग आत्या डोळे पुसत ताठ झाली आणि दटावून म्हणाली, "नीट कर गं ती झूल. आतला रंग बाहेर दिसू दे. कमावलाय मी तो."