चौथीच्या वर्गाची घंटा

आमच्या टीचर्स रूममध्ये चार जणी बसलो की डब्याचेच किस्से निघतात. एकीचा संपेपर्यंत दुसरी म्हणते, "हे काहीच नाही, माझ्या वर्गातलं ऐक." डोंबिवलीतल्या आमच्या खाडीकडच्या शाळेत 'पौष्टिक डबा' मोहीम सुरू झाली आणि आम्हाला रिटायर होईपर्यंत पुरेल एवढा माल मिळाला.

मोहीम सोपी होती. मधल्या सुट्टीत डबा उघडायचा, आत वर्गातल्या पौष्टिक पदार्थांच्या तक्त्यावरचं काही चांगलंचुंगलं दिसलं की बाईंनी मनगटावर हिरवा शिक्का मारायचा. ज्या वर्गात सगळ्यांना शिक्का, त्या वर्गाने शाळा सुटल्याची घंटा वाजवायची. घंटेसाठी आमची पोरं काय वाट्टेल ते करतात.

*

पहिल्याच आठवड्यात माझ्या चौथीत गाजरांचं पीक आलं. अकरा डब्यांत गाजर! बाराव्या डब्यातलं मात्र ओळखीचं वाटलं, कारण टोक तसंच कुरतडलेलं होतं. एकच गाजर बाकांखालून माझ्या पुढे पुढे चाललं होतं. ते हातात घेऊन मालक कोण विचारल्यावर आर्यन उभा राहिला.

"बाई, आता द्या ना परत. उद्या पण लागेल."

*

मग मोठ्या बाईंनी पालकांना ग्रुपवर डब्याचे फोटो टाकायला सांगितले. काकडीचे मासे काय, पोळीची फुलपाखरं काय! एका बाबांनी टोमॅटोची होडी करून त्यात डाळिंबाचे दाणे बसवलेले. मी वर्गात त्यांच्या मुलीचं तोंडभरून कौतुक केलं.

"ती बाबांनीच खाल्ली," ती म्हणाली. "मला वेफर्स दिलेत."

*

याच विषयाच्या प्रशिक्षणाला मी आणि पीटीचे सावंत सर ठाण्याला गेलेलो. दोन तास तळलेल्या पदार्थांचे तोटे ऐकले आणि चहाबरोबर बटाटेवडे आले. मी घुटमळले. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण नाही संपवले तर उद्या हेच मुलांच्या हाती पडतील." आणि माझाही संपवला.

*

आता प्रांजलचा किस्सा. ही कोळीवाड्यातली मुलगी रोज खिडकीकडे तोंड करून, झाकणाआड जेवायची. डबा काही दाखवायची नाही. तिच्या एका शिक्क्यापायी वर्गाची घंटा जायची, त्यामुळे मुलं तिच्याशी बोलेनाशी झाली. बाकावर ती एकटीच उरली. मला वाटलं, हिच्याकडेही वेफर्सच असणार. एक दिवस मी सरळ झाकण उचललं.

आत तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेला सुका जवळा.

"अगं, मग लपवतेस कशाला?"

"तुमच्या तक्त्यावर मासली नाय ना."

तक्ता मीच रंगवलेला. दूध काढलं, अंडं काढलं, सफरचंदसुद्धा काढलं, आणि खाडीकाठच्या शाळेत मासळी विसरले. मला खरंच लाज वाटली. मी स्केचपेन घेतलं, तक्त्यावर एक ऐसपैस मासा काढला आणि माझा डबा घेऊन तिच्या बाकावर जाऊन बसले. डबा उघडला आणि आठवलं, सकाळी शहाडच्या घरून निघायच्या घाईत मी त्यात नुसती दोन खारी बिस्किटं टाकलेली.

सगळा वर्ग माना लांब करून बघत होता. प्रांजलने माझ्या डब्यात नीट डोकावून पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर जवळा ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या बाई. पन तुमचा शिक्का मी मारनार."