शत्रुपक्षाचा साक्षीदार

आमच्या विलायती गावातल्या हाय स्ट्रीटवरच्या पोस्टातला मराठी कारकून शेजारच्या शहराच्या फुटबॉल क्लबचा भक्त आहे, आणि हा त्याचा एकमेव गुन्हा नव्हे. माझ्या पाकिटांवरचे पत्ते तो अख्ख्या रांगेला ऐकू जातील असे वाचतो. हा गोपनीयतेचा उघड भंग आहे.

त्याच्या क्लबने हाकललेला मॅनेजर नेमण्याचे आमच्या क्लबने घाटले, तेव्हा मी आमच्या अध्यक्षांना सहा पानी हरकत लिहिली आणि पाकीट पोस्टात नेले.

"काका, तुमची टीम आमचा कचरा घेतेय!" पत्ता वाचून तो ओरडला. रांग हसली.

"मग तो मॅनेजर नालायक असल्याचा पुरावा द्या," मी गरजलो.

त्याने पाकीट माझ्याकडे सरकवले. "उघडा. मी लिहून देतो. त्याच्या टू सीझन्समधली एकपण मॅच नाही सोडली मी."

"पण तो आमच्याकडे आल्यास लाभ तुमचाच."

"तुम्हाला हरवायला मजा यायला पाहिजे ना, काका. ऑलरेडी मेलेल्यांना काय हरवायचं?"

स्वहिताविरुद्ध दिलेल्या साक्षीला कायद्यात विशेष वजन असते. त्याने चार ओळी खरडून सही केली आणि खाली आपल्या क्लबचे नाव ठळक लिहिले.

आभार मानणे मला जमले नाही. "शनिवारच्या सामन्यात तुम्हाला तीन गोलांनी हरवू," एवढेच मी बजावले.

"इन युअर ड्रीम्स, काका," म्हणत त्याने नव्या पाकिटावर शिक्का हाणला.