शुक्रवारच्या कॉफीचे पेले

मी टाकलेली प्लास्टिकची पिशवी शेजारच्या गाईने आतल्या शिळ्या सांबारासकट गिळली, तेव्हा मी मारियम्मन देवीला नवस बोलले. "आई, गाय उठू दे. असली वापरून फेकायची पिशवी, असला कप माझ्या घरातून पुन्हा बाहेर पडणार नाही." गाय उठली. मी नवस पाळायला लागले, आणि ओळखीच्या सगळ्यांना माझा संशय यायला लागला! असे किस्से जमवावे लागत नाहीत हो. घरातला कचरा कमी झाला, किस्से वाढले.

माझा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. शुक्रवारचं आमच्या घरचं भजन, सासूबाईंनी सुरू केलेलं. भजनानंतर कॉफी, आणि कॉफीला कागदी कप. कप बंद केले तर बायका येतील का?

*

आधी आमच्या ह्यांची गोष्ट. आमच्याकडे खेड्यातली माणसं कोर्टाचे कागद पिवळ्या कापडी पिशवीतून आणतात. मी तशीच पिशवी देऊन ह्यांना भाजीला पाठवलं. बसस्टॉपवर एका ओळखीच्या गृहस्थाने ह्यांना हळूच बाजूला घेतलं.

"सार, जमिनीची केस आहे का? माझ्या ओळखीचा वकील आहे."

ह्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत वांगी!

गृहस्थ मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे सार. वर वांगीच ठेवायची. सगळ्यांना कशाला कळायला हवं!"

*

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी सांबाराला घरचा डबा नेला. मालकाने तो आतून बघितला, बाहेरून बघितला, उलटा करून बघितला.

"मामी, डबा फार मोठा आणलात."

"तुमच्या मापाने घाला ना."

त्याने मापाने घातलं. डबा अर्धा रिकामा. आता तोच अस्वस्थ!

"हा डबा गल्लीत सगळ्यांना दाखवाल. म्हणाल, बघा, एवढंच देतो!"

मी नको नको म्हणतेय, आणि तो आपला ओततोय!

*

मग भजनासाठी मी नणंदेकडून, शेजारणींकडून स्टीलचे पेले मागून आणले. आमच्याकडे भांड्यावर नाव कोरतात, आणि तरी भांडी घरोघर फिरतात. भजन झालं. रुक्मिणीअक्काने तोंड न लावता कॉफी घशात ओतायला पेला वर धरला, तर डोळ्यांसमोर तिच्याच सासऱ्यांचं नाव!

"हा आमचा पेला! तुझ्याकडे कसा?"

"नणंदेने दिला."

"तिला कोणी दिला?"

झालं! सगळ्याजणी कॉफी संपवून पोलिसांसारख्या पेले फिरवून नावं वाचायला लागल्या.

रुक्मिणीअक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, ह्या पेल्यासाठी मी जावेवर आळ घेतला होता!"

जाऊ शेजारीच बसली होती.

*

पुढच्या शुक्रवारी निम्म्याच बायका आल्या. सुंदराबाई आमच्यात सगळ्यात वडील. त्यांनी सूर धरल्याशिवाय भजन सुरूच होत नाही. त्या दारातच थांबल्या.

"कोणी कोणी तोंड लावलेले पेले आहेत देव जाणे. मला बाई यूज अँड थ्रोच लागतो. नसेल तर मी निघाले."

त्या गेल्या तर भजन गेलं. कप दिला तर नवस गेला. मी देवघराकडे बघून हात जोडले.

"थांब, रडू नको," म्हणत त्यांनी स्वतःच्या थैलीतून प्लास्टिकचा कप काढला आणि त्या आत येऊन बसल्या. भजन छान झालं. पण माझं मन कुठलं लागतंय? तो कप आता माझ्याच केरातून बाहेर जाणार!

कॉफी झाल्यावर मी केराची टोपली घेऊन त्यांना शोधत मागच्या दारी गेले. सुंदराबाई नळाखाली कप विसळत होत्या. मग त्यांनी तो पदराने पुसला, उजेडात धरून बघितला.

मी म्हटलं, "मामी, टाकायचा ना तो?"

माझ्या हातातल्या टोपलीकडे त्यांनी असं बघितलं, जसं काही मी चोरी करायलाच आले होते!

"टाकायचा? माझ्या नातवाच्या लग्नातला पायसमचा कप आहे हा. त्याचा मुलगा आता शाळेत जातो!"

तर येत्या शुक्रवारी तुम्हीही या. येताना आपापला पेला घेऊन या. कसलाही चालेल.