पूनमची पिशवी काढायची नाही

"ऑटिझम आहे," डॉक्टर म्हणाले आणि लगेच मला विचारलं, "तुम्ही दिवसभर घरी असता का?"

मी म्हणाले, नाही, मळ्यात असते. आमची फुलशेती. मखमलाबादला, नाशिकच्या अगदी कडेला. शेवंती, गुलाब, झेंडू. तोडणी असली की घरातल्या सगळ्या बायका सकाळपासून वाफ्यात.

डॉक्टरांनी मान हलवली. शहरातले नावाजलेले बालरोगतज्ज्ञ होते ते. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. "अशा मुलांना आईची ऊब कमी पडलेली असते," ते म्हणाले. "आता तरी जवळ घेत चला."

पूनम चार वर्षांची होती. टेबलाखाली बसून माझ्या चपलेचं बक्कल उघडत होती, लावत होती. त्यांनी तिच्याकडे एकदाच वाकून पाहिलं. माझे मालक शेजारच्या खुर्चीवर बसले होते. 'नाही हो, ही तिला कडेवरून खाली ठेवत नाही,' एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायला हवं होतं. ते फाइलच्या नाडीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. बाहेर येऊन मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. डॉक्टर साफ चुकीचं बोलले होते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आई कामाला गेली म्हणून ऑटिझम होत नाही. मायेच्या कमी-जास्तीशी त्याचा काही संबंध नाही. या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. तुम्ही आत्ता दवाखान्याच्या कुठल्यातरी बाकावर मुलाची फाइल मांडीवर घेऊन बसला असाल, तर बाकीचं नंतर वाचा, एवढं आधी वाचा.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो. मग्न माणूस सुखात असतो. मिक्सर सुरू झाला की दोन्ही कान दाबून भिंतीवर डोकं आपटणारी माझी मुलगी कशात मग्न होती?

त्या बालरोगतज्ज्ञांच्या खोलीपर्यंत पोचायलाच आम्हाला दोन वर्षं लागली होती. हाक मारली तर पूनम वळायची नाही, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी ती बहिरी आहे असं ठरवलं. मग बेरा टेस्ट. म्हणजे डोक्याला वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत जातो का ते बघतात. त्यासाठी मुंबईला गेलो. कान उत्तम निघाले. मग ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख. तोही ठीक. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन तास बसायचं, पूनमने खोली डोक्यावर घ्यायची आणि समोरच्या बायकांनी 'काय आई आहे' अशा नजरेने बघायचं. एकदा अशाच खोलीत मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. तिने माझ्याच आवाजात म्हटलं, "गप बस गं, गप बस."

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं, याला इकोलॅलिया म्हणतात. पूनमचं सगळं बोलणं तसंच होतं. तिला पाणी हवं असलं की ती म्हणायची, "पाणी पाहिजे का तुला?" कारण आम्ही तसं विचारायचो. लोक हसायचे. सासूबाई हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "आमच्या घराण्यात असलं कोनी नाय. हे तुझ्या माहेराकडनं आलंय." त्या तिला सायखेड्याला कुणाकडे तरी घेऊन गेल्या आणि गळ्यात काळा दोरा बांधून आणला. दोरा टोचायचा म्हणून पूनमने मान ओरबाडून घेतली. मी तो कात्रीने कापला. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

बालवाडीने तिला तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. बाई म्हणाल्या, "बाकीची मुलं बिघडतात हो." त्यातली दोन मुलं मी रोज बघायचे. ती बिघडायला पूनमची गरज नव्हती.

ती सहा वर्षांची असताना एका सकाळी घरातून नाहीशी झाली. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला पाट आहे, कालव्याचा. ह्यांना ती तिथे सापडली. काठावर बसून पाय पाण्यात सोडले होते आणि पाणी कसं वाहतं ते बघत होती. या मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, असं मला पुढे कळलं.

त्यानंतर तोडणीला जाताना मी तिला सासूबाईंपाशी ठेवू लागले. महिनाभर सगळं शांत होतं. मला बरं वाटलं, म्हातारीला माया फुटली म्हणून. मग एका संध्याकाळी मी पूनमला भात भरवत होते आणि ती म्हणाली, "हलू नको. गाठ सुटंल."

सासूबाईंचा आवाज, सासूबाईंचा हेल. मी तिचे हात उलटे करून पाहिले. मनगटाभोवती लाल वळ होते.

मी ओसरीवर गेले आणि नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साडीच्या काठानं बांधते. दोरी लावत नाय. मग काय करू? पाटात जाऊ देऊ? माझ्याच्यानं तिच्यामागं धाववत नाय."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी बांधलं याच्याइतकाच मला त्याचाही संताप आला.

उत्तर शोधत मी साळवे बाईंकडे पोचले. बाईंनी मुंबईला या मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलं होतं आणि कॉलेज रोडच्या मागे स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये त्या चार-पाच मुलं घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "पूनमला काय आवडतं?"

मी चिडले. "ती काय करत नाही ते सांगायला आलेय मी."

"ते फाइलमध्ये आहे," बाई म्हणाल्या. "तिला काय आवडतं?"

चार वर्षांत इतक्या डॉक्टरांकडे गेलो, हे कुणी विचारलं नव्हतं. मला पटकन सांगताही येईना. शेवटी म्हणाले, बक्कल.

"बरी कधी होईल?" मी विचारलं.

"बरी होणार नाही. तो ताप नाही उतरायला. पण शिकेल. तुम्हाला दमवेल आणि शिकेल." कामाला जाता का, हेही त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि त्यामुळेच हे झालं असंही म्हणाले, तशा बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, मग त्याचा काय संबंध? कुणी सांगितलं तुम्हाला हे?" मी सांगितलं. बाईंनी त्या डॉक्टरांना जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही.

बाईंनी मला चित्रांची कार्डं करायला शिकवलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मी चित्रं काढायचे. ग्लास, ताट, संडास, चप्पल. बोलून सांगितलेलं हवेत विरतं, चित्र समोर राहतं, म्हणून या मुलांना चित्राने कळतं. पूनमने 'पाणी'चं कार्ड आणून माझ्या हातात द्यायला पाच महिने लागले. पाटाच्या बाजूला ह्यांनी तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला तिला उघडता न येणारी कडी बसवली. माझ्याशी एक शब्दही न बोलता दोन दिवसांत केलं. तेव्हा मी त्यांना अर्धं माफ केलं.

पुढे बाईंच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी पालक जमू लागले. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांच्या पॅकहाउसमधले एक वडील यायचे. सुरगाण्याहून यशोदा यायची, आधी जीप, मग एसटी. तिची मंदा चौदा वर्षांची. नव्याने निदान झालेले आईबाप आले की बाई त्यांना माझ्याशेजारी बसवायच्या. का, ते मला कळलेलं नाही. मला गोड बोलता येत नाही. रडणाऱ्या बाईला मी पाणी देते आणि फाइल मागते. कुठली तपासणी पुन्हा करायची गरज नाही, कुठल्या डॉक्टरांपुढे रडायचं नाही, नवऱ्याला काय काम द्यायचं, हे सांगते. धीर धरा असं मी कुणाला म्हणत नाही. मला ते ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते सगळे माझ्या लक्षात आहेत.

पूनमला अकरावं लागलं आणि तिचं अंग भरायला लागलं. आधी जाऊबाई म्हणाल्या, मग आत्या, मग एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शिक्का मारला. "हिस्टरेक्टॉमी करून टाका." म्हणजे गर्भाशय काढून टाकणं. आमच्याकडे एवढं मोठं नाव कुणी घेत नाही, पिशवी काढणं म्हणतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिला पाळी सांभाळता येणार नाही. घरभर डाग करेल. तिचं लग्न थोडंच व्हायचंय? तुमचाही त्रास वाचेल."

आणि मी हो म्हणाले. हे मला लिहायचं नव्हतं, पण इतरांची उणीदुणी काढून आपलं झाकायचं बरं नाही. मी दमले होते. तिला आंघोळ घालायची, दात घासायचे, त्यात हे आणखी नको, असं वाटलं. दिवाळीचा फुलांचा हंगाम संपला की ऑपरेशन, असं ठरवून आले.

शनिवारी मी ते सगळ्यांना सांगितलं, जणू शहाणपणाचं काही सांगते आहे. यशोदाने विचारलं, "पिशवीला काय झालंय तिच्या?"

"काही झालं नाही. तुला नाही कळायचं ते."

"मंदालाबी येती पाळी," यशोदा म्हणाली. "भाताची रोपं लावायला, आवणीला, येती माझ्यासंगं, चिखलात. फडकं कसं घ्यायचं, मी दाखवलं. साल लागलं. आता घेती."

"तुझं वेगळं आहे. आमच्या घरात जावा आहेत, दीर आहेत, येणारेजाणारे आहेत."

"मंग तर लयच ध्यान ठेवायला पायजे, ताई. पिशवी काढली म्हंजी पोरीला कोनी हात लावला तरी कुनाला कळायचं नाय. त्याची सोय व्हईल. तिची काय सोय?"

मी उठून तिच्या अंगावर धावले नाही एवढंच. तू कोण मला सांगणारी, असं म्हणाले. शिकलेसवरलेले डॉक्टर सांगतात आणि तू, असंही म्हणाले. ते आठवलं की अजून कान गरम होतात. तिने मंदाचे केस नीट केले आणि ती चारच्या एसटीला निघून गेली.

बसमध्ये मखमलाबाद येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, त्याची सोय. घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तपासणीला बोलावलं तेव्हा ते सोबत आले. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. ह्यांनी तो वाचला, परत त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पिशवी काढायची नाही. तिला दुखत नाही, खुपत नाही. निरोगी पोरीला कापायचं कशाला?"

"नंतर पस्तावाल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पस्तावू," हे म्हणाले आणि उठले.

बाहेर येऊन मी त्यांचा हात धरला. आमच्याकडे रस्त्यात नवरा-बायको हात धरत नाहीत.

मग मी सहा कार्डं केली. चड्डी. डाग. नवं पॅड. जुनं पॅड कागदात. डबा. हात धुणं. कुंकू पाण्यात कालवून पॅडवर ओतायचं आणि रोज आंघोळीच्या वेळी सराव. पूनमने पहिली पॅडं फाडून कापूस मोरीभर केला. एकदा जुनं पॅड कागदात गुंडाळून पाहुण्यांसमोर नेऊन ठेवलं. जाऊबाई म्हणाल्या, "बघा." मी म्हणाले, "बघितलं. आता तुम्ही तुमच्या खोलीत जा." आठ महिने आम्ही हेच करत होतो. पाळी आली ती एका सकाळी, पूनम अंगणात उभी असताना. तिने डाग पाहिला, घाबरली, ओरडली, पण कार्डांपाशी गेली. पहिल्या वेळी मी मदत केली. चौथ्या वेळी फक्त दारात उभी राहिले.

यशोदाला मी शनिवारी सांगितलं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, असंही म्हणाले. तिने फक्त विचारलं, "फडकं का पॅड?" पॅड म्हटल्यावर म्हणाली, "बरं," आणि सरकून नव्या आलेल्या बाईला जागा करून दिली. या सगळ्या प्रवासात मला कुणाचे उपकार मानायचे असतील तर तिचे. डॉक्टरांचे मानत नाही. आज तपासण्या वाढल्या आहेत, शब्द बदलले आहेत, ते ठीक. पण ज्यांनी मला तेव्हा आरोपीसारखं बसवलं त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि तुम्हीही तशी घाई करू नका.

पुढच्या वर्षी मला टायफॉइड झाला. उठून बसण्याचं त्राण नव्हतं. एका दुपारी मोरीकडून आवाज आला. सासूबाईंचा. वय सत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, डोळ्यांना कमी दिसायचं. त्या कार्डं डोळ्यांजवळ धरून एकेक म्हणत होत्या, "हे बघ. आता नवं घे. हां. जुनं कागदात. फेकू नको, कागदात. घाई नाय." मग, "आता हात धू. साबन लाव." आणि पूनमचा आवाज, त्याच हेलात, "साबन लाव."

म्हणजे सासूबाईंना जमत होतं तर.

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला राग आला. सहा वर्षांच्या मनगटांवरचे ते वळ डोळ्यांपुढे आले. मग वाटलं, मी त्यांना तेव्हा शिव्या दिल्या, पण कार्ड कधी हातात दिलं होतं? साळवे बाईंकडे सोबत नेलं होतं? मी सगळं एकटीने करत राहिले आणि कुणी करत नाही म्हणून चिडत राहिले. म्हणून तुम्हाला सांगते, घरातल्यांना माया फुटायची वाट बघू नका. त्यांच्याशी भांडा, जरूर भांडा, पण त्याच दिवशी काम करून दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या.

सासूबाई ओल्या हातांनी माझ्या खोलीच्या दारात आल्या. "झालं तिचं," म्हणाल्या. "पाच नंबरचं चित्र पुसट झालंय. डबा हाय का पेटी, कळत नाय. बरी झालीस की नवं काढ."