कॅरिअरवरचे देव

गाडी ठरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी एकटा. थोरल्या भावाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि नव्या जोडीला घेऊन जेजुरीला जायचं होतं. आमच्यात नुसती जोडी जात नाही, घरातले देवही बरोबर जातात. देव ठसवलेले चांदीचे टाक लाल फडक्यात गुंडाळून लहानशा पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, खंडोबाला भेटवायचे आणि परत आणून देव्हाऱ्यात मांडायचे. आजोबांच्या काळात मेंढरं घेऊन मुलूख फिरताना ही पेटी घोड्याच्या पाठीवर सगळ्या बिऱ्हाडाच्या वर बांधलेली असायची. देवाच्या वर कुणी बसायचं नाही, देवाकडं पाय करायचे नाहीत, एवढं आम्हाला चालायच्या आधी कळायचं.

मला ते त्या दिवशी आठवलं नाही. माझ्या डोक्यात होती पांढरी अ‍ॅम्बॅसडर. माणसं पाच: आबा, आई, भाऊ, वहिनी आणि मी. सामान भरपूर होतं, पण डिकी मोठी होती. गाडीवाला शेजारच्या गावचा, आबांना ओळखणारा. नव्या वहिनीला मोटारीतून न्यायचं आणि त्या मोटारीच्या पुढच्या सीटवर आपण बसायचं, हे माझं स्वप्न. त्यात गैर काही नव्हतं.

पुरणाचा स्वयंपाक तिथंच करायचा होता, म्हणून पातेली, परात, स्टो, डाळ, गूळ, अंथरुणांच्या वळकट्या आणि घरच्या हळदीच्या भंडाऱ्याची कापडी पिशवी, एवढं सगळं घेऊन आम्ही वाडीवरून सकाळच्या एस्टीनं विट्याला उतरलो. मी ऐटीत अ‍ॅम्बॅसडरची डिकी उघडून दाखवली. आत स्टेपनी, जॅक आणि ऑइलनं काळं झालेलं एक फडकं.

आबा म्हणाले, "देव कुठं ठिवायचं?"

मी डिकीकडं बोट केलं.

आमच्या घरात हात लवकर उठायचा. आबांचा हात आईवर, भावावर, माझ्यावर, बैलावर सारखाच उठायचा आणि त्याआधी आवाज चढायचा नाही, त्यामुळं सावध व्हायला वेळ मिळायचा नाही. कानाखाली बसली तशी माझी टोपी उडून गाडीखाली गेली. सगळा स्टँड बघत होता. वहिनीनं पदर पुढं ओढला.

"पायतळी घालून न्हेतो का रं देव? शिकून हेच आलं का तुला?"

गाडीवाला मध्ये पडला. "आवं आबा, मांडीवर घ्या की पेटी."

"मांडीखाली पायच असत्यात."

पलीकडं वडापच्या जीपगाड्या उभ्या होत्या, प्रवासी कोंबून या गावाहून त्या गावाला पळणाऱ्या. त्यातल्या एकीला वर चांगलं उंच लोखंडी कॅरिअर होतं. तिचा ड्रायव्हर बॉनेटला टेकून हा तमाशा बघत होता. तिशीच्या आतलाच, गळ्यात रुमाल, दात पांढरेशुभ्र. तो हसला आणि माझी टोपी काढून, झटकून माझ्या हातात देत म्हणाला, "घे गड्या. सकाळ सकाळ परसाद घावला."

भाऊ हसला. वहिनीच्या पदराआडूनही हसल्यासारखं झालं. गाडी बदलली. आबांनी त्या जीपला हात केला, कारण तिचं कॅरिअर सगळ्यांच्या डोक्याच्या वर होतं.

सामान ड्रायव्हरनंच बांधलं. वळकट्यांच्या मधोमध पेटी बसवली, तिच्यावर घोंगडी टाकली, दोरीवर पाय रोवून ती करकचून ओढली आणि गाठ मारली. गाठ चांगली होती. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात ती गाठ ढिली होती असं सांगितलं गेलं.

रस्ताभर तो बोलत होता. मला त्यानं 'परसाद' हेच नाव ठेवलं. "काय परसाद, उन्हं लागत्यात का?" "परसाद, जरा काच खाली घे की रं." आबाही गालात हसायचे. मी पुढं बघत बसायचो, कान अजून गरम होता. त्या माणसाचा मला जो राग आला तसा आबांचा कधी आला नाही. आबांचा राग येऊ देणं मला परवडणारं नव्हतं.

मायणीला चहाला थांबलो. आबा, भाऊ आणि ड्रायव्हर हॉटेलात गेले. आई तोंड धुवायला नळावर. वहिनी जीपमधून उतरली आणि माझ्याजवळ येऊन खाली बघत म्हणाली, "भावजी, माझी निळी पिशवी वर हाय. काढून देता का? कुणाला सांगू नका."

"आत्ताच कशाला?"

तिचा चेहरा बघून मला कळलं. पाळी आली होती. देवाच्या वाटेवर, देवाच्या गाडीत. तेव्हाच्या आमच्या घरात हे कळलं असतं तर तिथूनच परतावं लागलं असतं, आणि तिला काय ऐकावं लागलं असतं ते मी जाणत होतो.

मी चाकावर पाय देऊन वर चढलो. गाठ सुटता सुटेना, दातानं सोडवली. पिशवी खालच्या अंगाला होती, ती उपसून काढली आणि दोरी परत गुंडाळून कशीतरी अडकवली. चहा पिऊन बाहेर येणाऱ्या ड्रायव्हरनं मला वरून उतरताना पाहिलं.

"दोरी सोडलीस का? बांधलीस का नीट?"

"बांधलीया."

"बघू का?"

"बांधलीया म्हणलं न्हवं."

"बरं बाबा, परसाद," असं म्हणून तो स्टिअरिंगवर बसला.

दहिवडी मागं पडली आणि घाट लागला. एका वळणावर डोक्यावर काहीतरी सरकलं आणि मागं पातेल्यांचा खणखणाट झाला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मागून येणारा ट्रक हॉर्न देत आमच्या सामानावरून गेला आणि आम्हाला घासून पुढं निघून गेला.

आम्ही उतरलो. डाळ रस्त्यावर पसरली होती. भंडाऱ्याची पिशवी फुटून हळद उडत होती. पत्र्याची पेटी चपटी होऊन कडेला पडली होती आणि टाक इकडंतिकडं विखुरले होते. आई रडत नव्हती, गुडघ्यावर बसून एकेक टाक पदरात गोळा करत होती. घोड्यावरच्या खंडोबाचा टाक दुमडला होता. एक टाक सापडलाच नाही, तो अजून सापडलेला नाही.

आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "दोरी कुणी बांधलीती?"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. बोलला काहीच नव्हता, पण तोंड उघडत होता.

पुढं मी लोकांना, आणि त्याहून जास्त स्वतःला, हे निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलं. देवाची विटंबना बघून डोळ्यांपुढं अंधारी आली, असंही सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तो आता 'परसादनं' म्हणेल, मग आबा माझ्याकडं वळतील, नव्या वहिनीसमोर, त्या उघड्या घाटात मला पायाखाली घेतील, हे मला दिसत होतं. मी जीपच्या सीटमागची टॉमी उचलली, चाकाचे नट सोडवायचा तो लोखंडी दांडा, आणि त्याच्या तोंडावर मारली. तोंड निवडून मारली. त्यानं बोलू नये म्हणून.

तो बसला. त्याचे ते पांढरेशुभ्र दात लाल झाले. मी परत मारलं, त्यानं आडव्या धरलेल्या हातावर. मग भाऊ आला आणि लाथा घालू लागला. आमच्या घरात एकानं मारायला सुरुवात केली की दुसऱ्यानं थांबून चालायचं नाही, थांबणाऱ्याचाच संशय यायचा. शेवटी आबांनी पायताण काढलं. तो हळदीत लोळत होता आणि त्याच्या अंगावरची हळद ओली होऊन काळपट होत चालली होती. "मामा, ऐका तरी," एवढंच तो म्हणत होता, तेही नीट उमटत नव्हतं. ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठमोठ्यानं शिव्या देत होतो.

ती अ‍ॅम्बॅसडर असती तर हे झालं नसतं. तिचा मालक ओळखीचा होता, त्याच्या गावात आमच्या सोयरिकी होत्या. या माणसाचं नाव आम्ही विचारलंही नव्हतं.

"मामंजी, सोडा त्याला."

वहिनी होती. घरात आल्यापासून आबांशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य असेल. निळी पिशवी तिनं छातीशी धरली होती. "दोरी भावजींनी सोडलीवती. मायणीत. माझी पिशवी काढाय."

सगळे थांबले. आबांनी विचारलं, "पिशवी कशाला?"

ती खाली बघत राहिली. आईनं टाक गोळा करता करता मान वर केली, आणि आईला कळलं ते सगळ्यांनाच कळलं.

आबा माझ्याकडं वळले. "व्हय रं?"

टॉमी अजून माझ्या हातात होती. ड्रायव्हर रस्त्यावरून माझ्याकडं बघत होता. वहिनी बघत होती. तिनं स्वतःची लाज सगळ्यांपुढं उघडी केली होती, एका परक्या माणसाचा मार थांबावा म्हणून. माझ्याकडून एक 'व्हय' हवं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "खोटं बोलतीया ती."

भावानं तिचं मनगट धरून तिला ओढलं ती थेट जीपच्या पत्र्यावर आदळली. हिरवा चुडा फुटला. त्यानं तिला मारलं ते मी इथं लिहीत नाही, तिनं लिहू नका म्हणून सांगितलं आहे. एवढंच लिहितो, की भाऊ मारत असताना मी ती टॉमी पुसून सीटमागं ठेवली.

मग लक्षात आलं, की आमच्यापैकी कुणालाच गाडी चालवता येत नाही.

आम्ही मारलेल्या माणसाकडं बघत उभे राहिलो. तोच उठला. इंजिनसाठी ठेवलेल्या कॅनमधल्या पाण्यानं त्यानं तोंड धुतलं, चूळ भरली, रुमालानं मनगट बांधलं. एक डोळा मिटत आला होता. "बसा," म्हणाला. जेजुरी आता होणार नव्हती. त्यानं जीप वळवली आणि एका हातानं, एका डोळ्यानं, आम्हाला त्याच रस्त्यानं परत आणलं. वहिनीला मागं पातेल्यांत बसवलं होतं, कुणाला शिवू नये म्हणून. ती हातातून बांगड्यांच्या काचा काढत होती. देव आबांच्या मांडीवर होते, उपरण्यात बांधलेले. खाली आबांचे पाय होते.

वाडीवर पोचल्यावर त्यानं सामान उतरवून दिलं, आणि तो गेला. मला परसाद म्हणाला नाही.

वहिनीच्या वाट्याला त्यानंतरची वर्षं आली. देव्हाऱ्यात एका टाकाची जागा मोकळी राहिली आणि ढिली गाठ नुसती निमित्त, खरी ती वहिनीच्या विटाळामुळं मोकळी आहे, हे घरातल्या प्रत्येक पोराला सांगण्यात आलं. भावाला पुढं हात उचलायला कारण शोधावं लागलं नाही, मी देऊन ठेवलं होतं. ती मला ताट वाढायची, पण भावजी म्हणायची नाही, निरोप पोरांकरवी पाठवायची. मी सांगलीत नोकरीला लागलो आणि तिथंच राहिलो. कधी तो दिवस आठवला तर मनाशी म्हणायचो, मी तिचंच गुपित राखायला तसं केलं. गुपित तर तिनं स्वतः सांगून टाकलं होतं.

विट्याला दोनतीनदा जाऊन आलो. वडापवाल्यांच्यात चौकशी केली. "नाव काय त्याचं?" ते विचारायचे. मी चहा पिऊन परत यायचो.

गेल्या वर्षी तिच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. आबा नाहीत, भाऊही नाही. परत जेजुरी आली. वहिनीचा फोन आला, "गाडी तुमी बघा, भावजी." इतक्या वर्षांनी. मी मोठी, ऐसपैस गाडी ठरवून दारात घेऊन गेलो. सामान भरून झालं. वहिनी पेटी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली, मांडीखाली पाय आहेत याचा विचार न करता.

मी खिडकीशी गेलो. "वहिनी, तवा तुमी खरं बोललावता. मी खोटं बोललो."

तिनं समोर बघत म्हटलं, "मला काय सांगता? मला ठावं हाय. त्यास्नी सांगा." आणि हनुवटीनं मुलाकडं दाखवलं. तो मागं डिकी लावत होता. नवी सून शेजारी उभी होती.

मी त्यांच्यापुढं जाऊन सगळं सांगितलं. टॉमीचंही. पुतण्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. डिकी बंद करून त्यानं हात झटकले.

"काका, तुमी एस्टीनं या," म्हणाला.

मी एस्टीनं गेलो. घाटात खिडकीशी बसलो होतो, पण ते वळण कुठलं ते मला ओळखता आलं नाही, सगळीच सारखी दिसली.

जेजुरीला पोचेपर्यंत त्यांचे देव भेटवून झाले होते. धर्मशाळेच्या ओसरीवर पंगत बसली होती. वहिनीनं शेवटचं पान माझ्यासाठी मांडलं, पोळी वाढली आणि म्हणाली, "बसा भावजी." मी बसलो तसा पुतण्या अर्ध्या जेवणावरून उठून हात धुवायला गेला. ती त्याला थांब म्हणाली नाही.