करमाडचा जावई

लग्न न झालेल्या माणसाच्या घरी अविधवा नवमीला सवाष्ण जेवते, हे मी फक्त शेजारच्या पायलटमामांच्या घरी पाहिलं. पितृपंधरवड्यातली ही तिथी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. मामांचं तर लग्नच झालेलं नव्हतं, निदान पदमपुऱ्यात आम्ही सगळे तसंच समजत होतो. तरी दर वर्षी ते माझ्या आईला जेवायला बोलवत, स्वयंपाकाला बाई लावून पुरण करवून घेत आणि आईच्या हातात हिरवं लुगडं ठेवत. भटजींनी नाव विचारलं की मामा "कौसा" एवढंच सांगत. घरी आल्यावर आई ते लुगडं घडी न मोडता ट्रंकेत ठेवून द्यायची.

पायलट हे नाव चेष्टेतलं. मामा हवाई दलात इंजिनांचे फिटर होते. विमान त्यांनी कधीच चालवलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला घेतल्या. काम चोख आणि जीभ तिखट. जळालेली मोटार घेऊन येणाऱ्याला म्हणत, "पाटील, मोटार हाय ही, मागून आणलेला बैल नाय मरेस्तवर राबवायला." पाटील हसून घेत, कारण मोटार दुसरीकडे कुठं नेण्यात अर्थ नसे.

रजेवर आलेली हवाई दलातली पोरंही त्या शेडमध्ये येत. साधा एअरमन म्हणून भरती झालेल्या पोराच्या मनात पायलट व्हायचं आलं, की आपण अटींत बसतो का, हे विचारायला तो आधी मामांना गाठायचा. मामा त्याला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवत, पाय ताठ करायला लावत आणि टाचेशी खडूनं रेघ मारत. आखूड पाय विमानाच्या पेडलला पुरत नाहीत आणि लांब पायांचे गुडघे अडकतात, हे प्रत्येकाला नव्यानं समजावत. मग एकेक डोळा झाकून समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचायची. वय, शिक्षण, साहेबाची शिफारस हे सगळं ते मजेत विचारत. लग्नाचं तेवढं शेवटी, आणि तेही तोंड फिरवून. पायलटच्या शिक्षणाला जाणारा अविवाहित हवा, अशी अट होती.

माझा भाऊ वसंता हा त्या पोरांतलाच एक. त्याचे पाय मापात बसले, वयही बसलं. फक्त पैठणच्या एका मुलीशी त्याचा साखरपुडा झाला होता. हे सांगायचं की गाळून टाकायचं, असं त्यानं हसत विचारलं. पैठणला चौकशी करायला कोण जातंय, असंही वर म्हणाला. मी चहा घेऊन गेले होते. मामांनी हातातला पाना खाली ठेवला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. कौसा कोण, हे त्या दुपारी आम्हाला कळलं.

रझाकारांच्या दिवसांत खेड्यापाड्यांतले मुलींचे आईबाप धास्तावले होते. मिळेल त्या घरी, जमेल त्या दिवशी ते मुली उजवून टाकत. मामांचं लग्न असंच उरकलं. बाशिंगानं कपाळ काचलं, एवढीच त्यांना आठवण. नवरी आईच्या मांडीवर झोपून गेली होती. ती मोठी झाल्यावर पाठवणी करायची ठरलं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मामा शाळा शिकून हवाई दलात लागले. कौसा माहेरी करमाडलाच होती. पाठवणीची बोलणी सुरू झाली आणि नेमकी तेव्हाच मामांना पायलटच्या निवडीला बसायची संधी आली. पाठवणीच नाही तर लग्न कसलं, असं बरोबरचा एकजण म्हणाला. मामांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. त्यांनी घरी विचारलं नाही, तिला तर नाहीच. अविवाहित असं लिहून दिलं. निवड झाली. जायची तयारी चालू असताना गावाहून तार आली, की पटकीच्या साथीत कौसा गेली.

"लिहिलं तवा खोटं होतं," मामा म्हणाले. "जायची वेळ आली तवर खरं झालं. कुणी बोट दाखवावं असं काहीच उरलं नाय."

वसंता म्हणाला, "मामा, पटकी काय अर्ज वाचून येती का?"

मामांनी पाना पुन्हा उचलला. "हे तू म्हणतोस," ते म्हणाले. "तिनं म्हणायला पाहिजे."

ते शिक्षणाला गेलेच नाहीत. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा घरची अडचण आहे म्हणाले आणि पुन्हा इंजिनांत हात घातले. मला त्या दुपारी मामांची भीती वाटली आणि रडूही आलं. वसंताला त्यांनी सांगितलं, साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, अविवाहित लिहिलंस तर ते खरंच आहे. पण लिहायच्या आधी पैठणला जा आणि त्या पोरीला स्वतःच्या तोंडानं सांग. वसंता दुसऱ्या दिवशीच एसटीनं गेला. होणाऱ्या सासऱ्याची बोलणी खाल्ली. मुलगी थांबते म्हणाली. पुढे डोळ्यांच्या तपासणीत स्वारी नापास झाली आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं.

मामा गेले तेव्हा करमाडहून टेम्पो भरून माणसं आली. पुढे कौसाचा धाकटा भाऊ होता, तोही आता म्हातारा. आमच्या जावयाला पहिला खांदा आमचा, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. पदमपुऱ्यातली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मामांना सासुरवाडी आहे, हेच त्यांना नवीन होतं.

स्मशानातून परतल्यावर तो आमच्या ओट्यावर टेकला. मी पाणी दिलं.

"निवड झाल्याचं बहिणीच्या कानावर आलं व्हतं, मालक इमान चालवणार म्हणून," तो सांगू लागला. "चिकलठाण्याचं इमान गावावरून गेलं, की भाकर तव्यावर टाकून अंगणात यायची. म्हणायची, ह्याच्यातूनच येतेत बघा मला न्यायला." त्यानं तांब्या खाली ठेवला. "ती गेली आन दाजींनी इमानाचं नाव टाकलं. दुसरी बायको बी केली नाय. तिच्यासाठीच सोडलं ना वो ताई त्यांनी?"

मी वसंताकडे पाहिलं. तो रिकामा तांब्या उचलून आत गेला.

"व्हय," मी म्हटलं. "तिच्यासाठीच."

म्हाताऱ्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "दर दिवाळीला आमच्याकडं यायचे. गावातल्या बाया आपल्या जावयांना त्यांच्या पाया पडायला लावायच्या. म्हणायच्या, नवरा असावा तर असा. ते नुसतं पाय मागं घ्यायचे. लई साधा माणूस."